हितसंबंध कोणाचे मोजायचे? : एका राज्यशास्त्रज्ञाची वाटचाल, वऱ्हाडातून पाहिलेली

बी.ए. भाग दोनच्या वर्गात ‘हितसंबंधी गट आणि दबावगट’ हे प्रकरण शिकवायला मला दोन तासिका पुरतात. व्याख्या, वैशिष्ट्ये, राजकीय पक्षाहून असलेला फरक, साधने, मर्यादा. मुले वहीत उतरून घेतात. उदाहरणेही ठरलेली असतात : व्यापाऱ्यांचे महासंघ, कारखानदारांच्या संस्था, कामगार संघटना, शेतकरी संघटना, शिक्षक संघटना. ही उदाहरणे मला माझ्या प्राध्यापकांनी दिली होती, त्यांना बहुधा त्यांच्या प्राध्यापकांनी. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, माही माय रोजानं कापूस वेचाले जाते. ते कोनत्या गटात येते?”

वर्ग हसला. मी ‘असंघटित क्षेत्र’ असा शब्द उच्चारून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून हे प्रकरण मला सरळपणे शिकवता आलेले नाही. माझे वडील सालदार होते. गुढीपाडव्याला साल ठरायचे, काही रोख आणि काही ज्वारी. माझी आईही वेचणीला जायची. म्हणजे प्रश्न त्या मुलीच्या आईचा होता तसा माझ्याही आईचा होता, आणि तो विचारायचे मला पदवी, पदव्युत्तर पदवी आणि दहा वर्षांची नोकरी होईपर्यंत सुचले नव्हते. शिक्षण माणसाला प्रश्न विचारायला शिकवते असे आपण म्हणतो. कधी कधी ते कोणते प्रश्न विचारायचे नाहीत हेही फार चोख शिकवते.

हितसंबंधी गटांचे शास्त्र आले कोठून? १९०८ साली आर्थर बेंटली ह्या अमेरिकन लेखकाने ‘द प्रोसेस ऑफ गव्हर्नमेंट’ हा ग्रंथ लिहिला. राज्यघटना, कायदे, संस्था ही सगळी वरची टरफले आहेत. आत चालते ती गटांची ओढाताण, आणि तीच अभ्यासायला हवी, अशी त्याची मांडणी. त्या काळी ह्या ग्रंथाकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९५१ साली डेव्हिड ट्रूमन ह्यांनी ‘द गव्हर्नमेंटल प्रोसेस’ लिहून तोच विचार पुढे नेला आणि मग अमेरिकन विद्यापीठांत गटांच्या अभ्यासाची लाटच आली. ह्या विचारामागे एक गृहीत आहे. ज्यांचे हित धोक्यात येते ती माणसे आज ना उद्या एकत्र येतात, गट बांधतात, सरकारदरबारी आवाज उठवतात. अनेक गटांच्या ओढाताणीतून समतोल साधतो आणि त्यालाच लोकशाही म्हणायचे. ज्या समाजात माणसाला एकत्र येण्याचीच बंदी आहे, त्या समाजात काय होते हा प्रश्न ह्या शास्त्राच्या जन्मवेळी त्याच्यापुढे नव्हता. खुद्द अमेरिकेतही तो असायला हवा होता. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांना तेव्हा मताचा हक्क बजावू दिला जात नव्हता.

ह्या लाटेतून भारताकडे आलेले एक मोठे अभ्यासक म्हणजे मायरन वायनर (१९३१–१९९९). प्रिन्स्टनमध्ये डॉक्टरेट, काही काळ शिकागोत अध्यापन, आणि १९६१ पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९५० च्या दशकापासून मृत्यूपर्यंत हा माणूस भारताचा अभ्यास करीत राहिला. १९५७ मध्ये भारतीय पक्षांवरचे पुस्तक, १९६२ मध्ये ‘द पॉलिटिक्स ऑफ स्कॅर्सिटी’, १९६७ मध्ये काँग्रेसच्या बांधणीवरचे पुस्तक, १९७८ मध्ये ‘सन्स ऑफ द सॉइल’ आणि १९९१ मध्ये ‘द चाइल्ड अँड द स्टेट इन इंडिया’. ह्या पुस्तकांची रांग लावून पाहिली की एका प्राध्यापकाची वाटचाल दिसते. मला ती विद्वत्तेसाठी महत्त्वाची वाटत नाही. ज्या प्रश्नापाशी वायनर १९९१ साली पोचले, त्या प्रश्नापाशी आपला एक माणूस १९१९ सालीच उभा होता. मधल्या बहात्तर वर्षांत वऱ्हाडात काय घडत होते, हे त्या दोन टोकांच्या मध्ये ठेवून पाहायला हवे.

१९६२ च्या पुस्तकाचे श्रेय आधी देऊन टाकू. त्यात वायनर कामगार संघटना, व्यापारी, विद्यार्थी, जातीय व भाषिक संघटना, शेतकऱ्यांचे गट ह्यांचा अभ्यास करतात. दिल्लीतल्या राज्यकर्त्यांना हे गट नकोसे वाटत. देश गरीब आहे, साधने थोडी आहेत, अशा वेळी मागण्या करणारे स्वार्थी आहेत, अशी नियोजनकारांची भावना होती. वायनर म्हणतात, गट हा लोकशाहीचा रोग नाही. सरकार शिस्तीत केलेली मागणी ऐकत नाही आणि दगडफेक झाली की ऐकते, मग लोक दगडाकडे वळले तर दोष कोणाचा? आपल्यासारख्यांना हे पटण्यासारखे आहे. आपण निवेदने देतो, पोच घेतो आणि वर्षे मोजतो. पण हे पुस्तक वाचताना एक गोष्ट खटकत राहते. गट मोजायचा तर त्याला नाव, कार्यालय, सभासद, पुढारी असे काहीतरी हवे. ज्यांच्याकडे हे काही नाही त्यांचे हित आहे की नाही, हे मोजणाराला कळणार कसे?

हा प्रश्न वऱ्हाडात ठेवून पाहा. हितसंबंधी गटांची वऱ्हाडाइतकी जुनी शाळा भारतात दुसरी नसेल. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले ते कापसापायी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–१८६५) तिकडचा कापूस मँचेस्टरला येईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. तिकडे कापूस वेचणारे गुलाम स्वातंत्र्याच्या वाटेवर होते. त्यांच्या युद्धाच्या धुरात इकडे अमरावती-खामगावच्या अडत्यांच्या माड्या उठल्या. १८८६ साली कारंज्याला, आजच्या वाशीम जिल्ह्यात, नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातला तो पहिला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. ह्या बाजारांच्या समित्यांत वरचष्मा व्यापाऱ्यांचा. ज्याच्या शेतातून कापूस येई त्या शेतकऱ्यालाही तिथे हक्काची जागा नव्हती. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने हा दोष दाखवून दिला. म्हणजे शेतकऱ्याचे हित ही एक वेगळी गोष्ट आहे, हे कागदावर मान्य व्हायला तीस वर्षे लागली.

पुढे शेतकऱ्याचा गट उभा राहिला तो अमरावतीच्याच माणसाच्या हातून. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९५५ साली भारत कृषक समाज स्थापला. ते तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते. पंजाबरावांविषयी मी उणा शब्द लिहिणार नाही. अमरावती जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदी असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांच्या शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून आमच्या अनेक पिढ्या बाहेर पडल्या. पण ‘शेतकरी’ हा शब्द वऱ्हाडात कोणाला लावतात ते तपासा. ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला. जो डवरतो, जी निंदते, जी वेचते ती माणसे ‘मजूर’. शेतकऱ्याच्या हिताची सभा भरते तेव्हा मजुरी हा त्याच्या खर्चाच्या यादीतला एक आकडा असतो. १९७२ ला राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, १९८० च्या दशकात कापसाच्या भावासाठी रस्ते अडले, आणि ते योग्यच होते. पण वेचणीचा दर किलोमागे किती असावा ह्यासाठी वऱ्हाडात रस्ता अडल्याचे मी ऐकलेले नाही. अडत्या, जिनवाला, शेतकरी अशी हितसंबंधांची उतरंड १८८६ पासून एकेक पायरी खाली येत गेली आणि वेचणारीच्या वर एक पायरी येऊन थांबली. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका त्या थांबलेल्या पायरीवरून आला होता.

आता १९१९ कडे येऊ. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांसाठी मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवायला साउथबरो समिती भारतात आली. २७ जानेवारी १९१९ रोजी तिच्यापुढे सत्तावीस वर्षांच्या एका प्राध्यापकाने साक्ष दिली. दोन-तीन महिन्यांपूर्वीच मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांची अर्थशास्त्राच्या जागेवर नेमणूक झाली होती. कोलंबियात शिकताना जॉन ड्यूईंचे विचार त्यांनी आत्मसात केले होते. त्यांचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्या साक्षीत बाबासाहेब एका रूढ समजुतीला हात घालतात. अस्पृश्यांविषयी लोक कळवळा दाखवतात, पण राजकीय योजनेत त्यांना विसरतात, कारण त्यांना राखण्यासारखे काही हितसंबंधच नाहीत असे समजतात. जमीन नाही, गिरणी नाही, मग हित कसले? बाबासाहेबांचे उत्तर असे की अस्पृश्यांचे हितसंबंध सर्वांहून मोठे आहेत. त्यांची मालमत्ता जप्त होण्याची भीती नाही. त्यांचे माणूसपणच जप्त झालेले आहे. आणि म्हणून प्रतिनिधी निवडण्याचा व राज्यात अधिकारपद भूषवण्याचा हक्क त्यांना हवा, कारण नागरिकत्व म्हणतात ते ह्या दोन हक्कांचेच बनलेले असते.

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘हितसंबंध’ ह्या शब्दाची एवढी मोठी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. बेंटलीला गटांची ओढाताण दिसली. ओढाताणीच्या दोरीलाच ज्याचा हात लागू द्यायचा नाही असा माणूस बाबासाहेबांना दिसला, आणि दोरीला हात लावू देणे हीच त्याची पहिली मागणी आहे हेही दिसले. सहभाग आधी, हित नंतर. आधी तो नागरिक व्हायला हवा. मग त्याचे हित काय ते तो सांगेल.

पण त्याचे हित सांगणार कोण, ह्यावरून लगेच पुढच्या वर्षी वाद पेटला, आणि त्यात वऱ्हाडचा माणूस मध्यभागी होता. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष शाहू महाराज. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने सरकारकडे अशी भूमिका मांडली होती की अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत. बाबासाहेबांनी ह्या भूमिकेवर कडाडून हल्ला केला. सवर्ण सभासदांनी निवडलेला अस्पृश्य कोणाचा प्रतिनिधी असेल? अमरावतीचे गणेश आकाजी गवई तेव्हा मिशनच्या बाजूला होते. गवई हे काही सामान्य कार्यकर्ते नव्हेत. १९२० च्या दशकात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात ते सरकारनियुक्त सभासद म्हणून बसले. पुढे १९३२ मध्ये राजा-मुंजे कराराच्या बाजूनेही ते उभे राहिले. आज त्यांना एका शब्दात निकालात काढण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. गवईंच्या पुढे जो पेच होता तो नियुक्तीने मिळणाऱ्या एका खुर्चीचा होता : बसावे तर कोणाच्या मर्जीने, न बसावे तर आपले गाऱ्हाणे मांडणार कोण? हा पेच संपलेला नाही. राखीव जागेवरचा सभासद बहुसंख्य सवर्ण मतांवर निवडून येतो तेव्हा तो नव्या कपड्यात समोर येतो.

१९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. विषय अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा, अध्यक्ष बाबासाहेब. परिषद चालू असताना त्यांचे थोरले बंधू बाळाराम ह्यांच्या निधनाची तार आली, तरी कामकाज त्यांनी पुढे नेले. मंदिराच्या पंचांना मुदत देण्यात आली, सत्याग्रह लांबणीवर पडला. देवीचे दर्शन हा ‘हितसंबंध’ आहे काय? व्यापारी संघाच्या तराजूत घातला तर त्याचे वजन शून्य. पण महाड त्याच वर्षीचे आहे हे विसरू नये. चवदार तळ्याचे पाणी आणि अंबादेवीचा उंबरठा ह्या दोन्ही ठिकाणी मागणी एकच होती : सार्वजनिक म्हणजे आमचेही.

आता वायनरकडे परत जाऊ, कारण त्यांची पुढची पायरी मराठी मुलुखाच्या कडेवर पडते. १९६७ च्या पुस्तकात त्यांनी काँग्रेस कशी टिकली हे पाच ठिकाणी जाऊन अभ्यासले : खेडा, गुंटूर, कलकत्ता, मदुराई आणि बेळगाव. बेळगावची निवड सीमाप्रश्नामुळे महत्त्वाची. पक्ष टिकतो तो गावातल्या आधीच्या सत्तेशी जुळवून घेऊन, भांडणे मिटवून, परवाने-कर्जे-कामे वाटून, असा त्यांचा निष्कर्ष. निरीक्षण अचूक आहे. प्रश्न आहे तो त्यातल्या समाधानाचा. गावातली आधीची सत्ता म्हणजे कोण? पाटील, सावकार, मोठा कास्तकार. पक्षाने त्यांच्याशी जुळवून घेतले म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसाला ज्याच्यापासून सुटायचे होते, त्याच्याच हाती आता सरकारी शिक्का आला. दिल्लीहून पाहणाऱ्याला हे राजकीय स्थैर्य दिसते. आमच्या वस्तीतून ते तसे दिसत नाही.

ह्याच सुमारास मेरी कॅरस ह्या अमेरिकन अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९७२ साली केंब्रिजने काढले, आणि त्यात निवडलेल्या चार जिल्ह्यांत आमचा अकोला आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचेच सभासद एकमेकांविरुद्ध गेले. ते का गेले, हा कॅरस ह्यांचा प्रश्न. जातीचा अभिमान किंवा पुढाऱ्यांचे व्यक्तिगत वैर ही उत्तरे त्यांना पुरेशी वाटली नाहीत. दुफळीच्या मुळाशी आर्थिक हितसंबंध आहेत असे त्यांनी दाखवले. भारतीय राजकारण म्हणजे नुसती जात असे म्हणणाऱ्यांना हे चांगले उत्तर आहे. पण अभ्यासाचे एकक सभागृहात मत देणारा सभासद असल्यावर सभागृहाबाहेरचा माणूस त्यात येणार कुठून? हा त्या बाईंचा दोष म्हणता येत नाही. पद्धतच अशी की जो आत आहे त्याचेच हित मोजले जाते.

बाहेरचा माणूस तेव्हा काय करीत होता? तो तुरुंगात होता. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. दादासाहेब गायकवाड त्याचे सेनापती. १९६४ च्या लढ्यात देशभर लाखांवर माणसे तुरुंगात गेली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात, लेकरू कडेवर घेऊन जेलात गेलो होतो, जेलात दोन वेळ भाकर भेटत होती. त्याआधी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिलेली होती. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन लागू करा, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. कोणत्याही दबावगटाने द्यावे तसे रीतसर निवेदन. वायनरनी १९६२ मध्ये लिहिले होते तेच घडले : निवेदन ऐकले गेले नाही, तुरुंग भरल्यावर आश्वासने मिळाली. तैलचित्र लागायला आणि केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडले. जमिनीचे काय झाले ते गायरानावर अतिक्रमणाच्या नोटिसा घेऊन बसलेल्यांना विचारावे.

नागरिकांच्या सहभागाच्या अभ्यासात मतदान, प्रचार, सभासदत्व, अधिकाऱ्यांची भेट अशी खाती असतात. लेकरासह तुरुंगात गेलेल्या बाईचे खाते त्यात कोणते? १९७१ साली सिडने व्हर्बा, बशीरुद्दीन अहमद आणि अनिल भट्ट ह्यांनी भारतातले हरिजन आणि अमेरिकेतले काळे ह्यांच्या राजकीय सहभागाची तुलना करणारे पुस्तक लिहिले. गटाची जाणीव हा सहभागाचा मोठा आधार आहे, हा त्यातला धागा मोलाचा आहे. पण ‘हरिजन’ ह्या एका शब्दाखाली धर्मांतर केलेला वऱ्हाडातला बौद्ध कोठे बसतो, हे पुस्तक बाजूला ठेवून आपल्यालाच शोधावे लागते. १९५६ नंतर आमच्या वस्त्यांत जी जाणीव आली ती मतपेटीत उतरायच्या आधी देव्हाऱ्यात, सणावारात आणि मेलेले ढोर ओढण्याच्या नकारात उतरली होती.

ती मतपेटीत उतरली तो क्षण वऱ्हाडाने १९९८ मध्ये पाहिला. त्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन नेते निवडून आले आणि चौघेही खुल्या जागांवरून. त्यांतले दोन आमचे : अमरावतीहून रा. सू. गवई, अकोल्याहून प्रकाश आंबेडकर. काँग्रेसशी समझोता होता म्हणून हे घडले, हे खरेच. १९९९ ला समझोता मोडला आणि चौघांचे चित्रही बदलले, प्रकाश आंबेडकर मात्र अकोल्यातून पुन्हा आले. पण अकोल्यात ह्याहून महत्त्वाची गोष्ट खाली घडत होती. बौद्धांबरोबर लहान लहान ओबीसी जाती, भटके, काही ठिकाणी मुसलमान अशी मोट बांधून भारिप-बहुजन महासंघाने पंचायत समित्या आणि जिल्हा परिषद ताब्यात घेण्याचे राजकारण उभे केले. त्याला ‘अकोला पॅटर्न’ म्हणू लागले. कॅरस ह्यांनी जे सभागृह १९६२ मध्ये अभ्यासले, त्याच परिषदेच्या सभागृहात तेव्हा ज्यांची गणनाच नव्हती त्यांची मुले अध्यक्ष-सभापती झाली. हा बदल लहान नाही. त्यावर माझे एक गाऱ्हाणेही आहे. सत्ता आल्यावर बांधकाम समितीसाठी जेवढी रस्सीखेच होते तेवढी शिक्षण समितीसाठी होताना दिसत नाही, मग पक्ष कोणताही असो. हितसंबंधांचे शास्त्र ह्याचे कारण चटकन सांगेल : बांधकामाला ठेकेदार आहे, शाळेतल्या पोराला नाही.

आणि इथेच वायनरांचे १९९१ चे पुस्तक येते. साठीच्या उंबरठ्यावर आलेला हा अभ्यासक एक साधा प्रश्न विचारतो : भारतात मुले शाळेत असण्याऐवजी कामावर का आहेत? देश गरीब आहे, हे उत्तर तो नाकारतो. भारताहून गरीब असताना इतर देशांनी सक्तीचे शिक्षण आणले, ह्याचे दाखले देतो. मग तो अधिकारी, शिक्षणतज्ज्ञ, कामगार पुढारी, समाजसेवक ह्यांच्याशी बोलतो, आणि त्याला दिसते ते असे की काही मुले डोक्याने काम करण्यासाठी आणि काही हाताने काम करण्यासाठी जन्मतात, ही समजूत ह्या सगळ्यांच्या मनात घर करून आहे. उच्चनीचतेची ही धारणा धोरण बनून बसली आहे. गट, मागणी, दबाव ह्यांचा हिशेब मांडण्यात तीस वर्षे घालवलेला प्राध्यापक अखेर अशा माणसांपाशी पोचला ज्यांचा गट होऊच शकत नाही. सात वर्षांचे मूल संघटना काढीत नाही. त्याच्या हिताआड उभी आहे ती व्यवस्थेची दृष्टी. बाबासाहेबांच्या भाषेत, जप्त झालेले माणूसपण.

हे पुस्तक मी वाचले तेव्हा मला माझी चौथीची परीक्षा आठवली. दिवाळीनंतर वेचणी जोरात असायची आणि आमच्या वस्तीतली पोरे दुपारनंतर शाळेत दिसत नसत. एका गुरुजींनी मला हजेरी विचारताना म्हटले होते, “तू कशाला येतो रे, जा वेचाले, तुह्या मायले दोन किलो जास्त होईल.” त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. ते मला बिस्कीटही देत. त्यांना मनापासून वाटे की माझ्या भल्याचेच ते सांगत आहेत. ह्या भलेपणाशी लढणे फार कठीण असते. माझी थोरली बहीण त्यांचे ऐकून गेली आणि पुन्हा शाळेत आली नाही. घटनेत शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या दुरुस्तीने आला, कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. तोवर माझ्या बहिणीची मुलगी वेचणीला जाऊ लागली होती.

वायनरांना श्रेय देताना एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. ते १९९१ मध्ये जे बोलले ते जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सांगितले होते : वरच्यांच्या शिक्षणावर पैसा जातो, रयतेच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्या. पण फुल्यांचे निवेदन आमच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘विचारवंत’ ह्या प्रकरणात असते आणि गटांचा सिद्धान्त ‘आधुनिक राजकीय विश्लेषण’ ह्या प्रकरणात. दोन प्रकरणांची परीक्षाही वेगळ्या सत्रात होते. त्यांची गाठ पडू नये अशीच जणू व्यवस्था आहे.

ती मुलगी आता एम.ए.ला आहे. प्रकल्पासाठी मी तिला विषय सुचवला नाही, तिनेच आणला. आपल्या गावच्या ग्रामसभेत कोण येते, कोण बोलते. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो. तिथे गट लागत नाही, संघटना लागत नाही, नुसते नागरिक असणे पुरते. कागदावर ह्याहून खुला सहभाग कोणता? तिने ग्रामपंचायतीतून हजेरीच्या नोंदवहीची प्रत मिळवली आणि मला आणून दाखवली. गणपूर्ती झालेली, ठराव एकमताने मंजूर. वस्तीतल्या बायकांची नावे ओळीने होती आणि प्रत्येक नावापुढे सही. तिने एका ओळीवर बोट ठेवले. तिच्या आईचे नाव होते, पुढे मराठीत वळणदार सही होती.

“सर,” ती म्हणाली, “माही माय आंगठा लावते. अन् त्या दिवशी ते वेचाले गेली होती.”

मागच्या दहा वर्षांच्या नोंदवह्यांसाठी तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. तीस दिवस झाले, उत्तर आलेले नाही. पहिले अपील आम्ही दोघांनी मिळून लिहिले, आणि अर्जदार म्हणून ह्या वेळी तिच्या आईचे नाव घातले आहे.